अल्प खर्चातील जर्मनीचा प्रवास
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात साखरा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी परदेशप्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडले. परदेश पाहून आलेला मनुष्य गावी परतला की तो तेथल्या रस्त्यांची स्तुती व येथल्या रस्त्यांची निंदा आरंभितो. आणि ऐकणाऱ्यांस दोन्ही गोष्टी आधीपासूनच ठाऊक असतात. शिवाय आमचे शिक्षण मॅट्रिक व त्यावर अध्यापनाची पदविका एवढेच. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, सेनगाव आणि कळमनुरी ह्या दोन तालुक्यांत गेली. अशा माणसाने यूरोपवर व्याख्यान ते काय द्यावे! परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, वर्णन नको. पैसे किती लागले आणि ते वाचविले कसे, एवढे सांगा." हा विषय मात्र आमच्या आवाक्यातला आहे. शिंप्याच्या घरी जन्मल्यामुळे कापड वाया न घालविण्याची सवय आम्हांस उपजतच आहे.

आमचे धाकटे चिरंजीव जर्मनीतील डॉर्टमुंड ह्या शहरी नोकरीनिमित्त राहतात. २०२५ च्या मे व जून ह्या दोन महिन्यांत आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. जाण्यापूर्वी चिरंजीवांचा आग्रह असा की, एखाद्या प्रवासी कंपनीच्या सहलीत आमची नावे घालावी. मुंबई-पुण्याकडे अशा कंपन्या आहेत. दहा दिवसांत पाचसहा देश दाखवितात, जेवणही आपल्या पद्धतीचे देतात. आम्ही चौकशी केली तेव्हा माणशी आकडा पावणेतीन लाखांच्या घरात निघाला. आमच्या सौभाग्यवतींनी मनातल्या मनात दुप्पट केली आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशात हिंगोलीस एक खोली बांधून होईल." विषय तेथेच मिटला. सहलीवाल्यांची निंदा करण्याचा हेतू नाही. ज्यांस वेळ थोडा व पैसा पुष्कळ, त्यांची सोय ते उत्तम करतात. आमची स्थिती नेमकी उलट होती.

प्रथम कागदपत्रांचे सांगून टाकतो, कारण त्यात काटकसर चालत नाही. व्हिसाचे शुल्क माणशी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. हा व्हिसा मिळाला की १८० दिवसांपैकी जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. सामानात तूप, पेढे, खवा काही नेता येत नाही. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून आणण्यास तेथे बंदी आहे. सौभाग्यवतींनी कढविलेले दोन किलो तूप येथेच शेजारी वाटावे लागले. पासपोर्ट व रोकड ह्यांसाठी आम्ही आमच्या सदऱ्यास आतल्या बाजूने स्वतः चोरखिसा शिवला. मुंबईस विमानतळावर तपासणीच्या वेळी तो उलगडून दाखविताना थोडी धांदल उडाली, तरी दोन महिन्यांत त्यातून एक कागद हलला नाही.

आता मुख्य गोष्ट, तिकीट.

जर्मनीत २०२२ च्या जून, जुलै व ऑगस्ट ह्या तीन महिन्यांत सरकारने एक प्रयोग केला. अवघ्या ९ युरोंत महिनाभर देशातील कोणत्याही साध्या आगगाडीने, बसने, ट्रॅमने कोठेही जावे. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटे खपली. लोकांस ही सोय इतकी मानवली की १ मे २०२३ पासून तेच तिकीट ४९ युरोंस कायमचे सुरू झाले. आम्ही गेलो तेव्हा ते ५८ युरो होते, म्हणजे आपले साडेपाच हजार रुपयांहून थोडे अधिक. २०२६ च्या जानेवारीपासून ते ६३ युरो झाले आहे. आपल्या एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास १९८८ पासून चालू आहे, हे आपण जाणता. तत्त्व तेच; तेथे फक्त बस, रेल्वे, ट्रॅम सर्व एका तिकिटात गुंफले आहे.

ह्या तिकिटास दोन पथ्ये आहेत. एक, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत ते चालत नाही. पाटीवर आयसीई किंवा आयसी ही अक्षरे दिसली की ती गाडी आपली नव्हे असे समजावे. दुसरे, ते मासिक वर्गणीचे असते; महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद केले नाही, तर पुढील महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. जून महिन्याच्या ह्या १० तारखेभोवती आम्ही सूनबाईंच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर तांबडे वर्तुळ काढून ठेविले होते. स्टेशनात फाटक नाही, तिकीट पाहणारा दारात उभा नाही. मनुष्य सरळ आत शिरतो. परंतु तपासनीस साध्या वेषात केव्हाही समोर येतो, आणि तिकीट नसल्यास ६० युरो दंड घेतो. तिकीट मोबाइलमध्ये असते व ते ज्याचे त्यालाच चालते, म्हणून सोबत पासपोर्ट दाखवावा लागतो. आमचा पासपोर्ट चोरखिशात! डब्यात सर्वांदेखत सदऱ्याची बटणे काढणाऱ्या ह्या म्हाताऱ्याकडे पहिल्या तपासनीस बाईंनी जरा संशयानेच पाहिले.

साध्या गाडीस आपण येथे पॅसेंजर म्हणतो. पूर्णा-अकोला मार्ग रुंद होण्यापूर्वी, २००८ च्या आधी, छोट्या रुळांवरच्या पॅसेंजरने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांस सावकाश जाण्याचे दुःख होत नाही. सावकाश गाडी प्रत्येक गावी थांबते, त्यामुळे गावे दिसतात. शाळेत जाणारी मुले चढतात, बाजारच्या पिशव्या घेतलेल्या बायका चढतात. जलद गाडीतून देश नुसता सरकताना दिसतो. ज्यांच्या नावाने आपण येथे जमतो, ते नामदेव महाराज ह्या आपल्या नरसीचे. ते पंजाबात घुमानपर्यंत पायी गेले. त्यांच्या पदांपैकी ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. जलद वाहनाने गेलेल्या माणसाची पदे कोणी जपून ठेवील, असे आम्हांस वाटत नाही. असो.

पहिला प्रवास कोलोनचा झाला. तेथील प्रचंड मंदिराचा, म्हणजे ख्रिस्ती देवालयाचा पाया १२४८ मध्ये घातला गेला आणि शिखरे पुरी झाली १८८० मध्ये. मधली काही शतके काम बंदच होते. उंची १५७ मीटर. आम्ही गेलो तेव्हा आत जाण्यास पैसे पडत नव्हते. बाहेर आल्यावर बाकावर बसून सौभाग्यवतींनी दशम्या व लसणाची चटणी सोडली, तोच चिरंजीव इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "आई, इथं नको. वास येतो." त्या बिचाऱ्यांचा हात तसाच थांबला. आम्हीही काही बोललो नाही. शेजारच्या बाकावर एक जर्मन कुटुंब बसले होते. बाईंनी पिशवीतून डबा काढला. पाव, उकडलेली अंडी, काकडीच्या फोडी. नवऱ्यास व मुलांस वाटून दिल्या आणि उरलेला पाव कागदात नीट गुंडाळून परत पिशवीत ठेविला. चिरंजीव ते पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच हात पुढे केला व म्हणाले, "द्या एक." त्यानंतर आमच्या शिदोरीबद्दल घरात कधी वाद झाला नाही. दुकानातून दही, पाव, टोमॅटो व केळी घ्यावीत आणि घरून दशम्या व शेंगदाण्याची चटणी न्यावी, एवढ्यावर आमचे दिवस उत्तम गेले. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे असते, बाटली विकत घेण्याचे कारण नाही. खर्च होतो तो स्टेशनातील शौचालयावर. एका वेळेस एक युरो! रविवारी दुकाने बंद असतात, हेही लक्षात ठेवावे.

कोलोनहून ऱ्हाईन नदीच्या काठाने एक पॅसेंजर गाडी माइंत्सपर्यंत जाते. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस द्राक्षांचे मळे आणि डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एकेक किल्ला. ह्या मार्गाचे दर्शन घडविण्यासाठी बोटवाले वेगळे पैसे घेतात. आमचे ते तिकिटातच झाले. वाटेत कोब्लेन्झ येथे मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. संगमाच्या टोकावर त्यांच्या जुन्या बादशहाचा घोड्यावरचा पुतळा आहे. सौभाग्यवतींनी दोन्ही नद्यांचे पाणी डोळ्यांस लावले. पलीकडच्या तीरावर उंच कड्यावर एरेनब्राइटश्टाइन नावाचा मोठा किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यातच यूथ होस्टेल आहे. नदीवरून पाळण्यात बसून वर जाता येते. आमचा दोन रात्रींचा मुक्काम तेथे झाला.

यूथ होस्टेल म्हणजे युवकांची धर्मशाळा. वयाची सहासष्टी गाठलेल्या माणसास तेथे जाताना संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु सभासदत्वाचे कार्ड काढले की वयाचे कोणी विचारीत नाही. माणशी सुमारे ३८ युरो पडले, आणि त्यात सकाळचा नाश्ता पोटभर. साध्या हॉटेलात ह्याच्या दुपटीने गेले असते. नियम थोडे आहेत, पण ते सर्वांस सारखे. चादर व उशीचा अभ्रा आपण घेऊन यावयाचा, अंथरूण आपण घालावयाचे, आणि निघताना काढून ठरलेल्या टोपलीत टाकावयाचे. जेवल्यावर आपले ताट आपण उचलावयाचे. खोलीत एकावर एक अशा खाटा. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात म्हणून त्या खाली आणि आम्ही वर. पहिल्या रात्री शिडी चढताना, शाळेच्या छपरावर कौले परतावयास चढलो होतो त्या दिवसांची आठवण झाली. शेजारच्या खोल्यांत कोठल्याशा शाळेची चौथी-पाचवीची मुले सहलीस आली होती. रात्री दहापर्यंत धुमाकूळ, आणि त्यांच्या मागे फिरणारे दोन दमलेले शिक्षक! त्यांच्याकडे पाहून भाषा येत नसतानाही आम्ही हसलो, आणि तेही हसले. मास्तर मास्तरास ओळखतो.

बर्लिनचा प्रवास लांबचा. जलद गाडी डॉर्टमुंडहून साडेतीन तासांत नेते. आम्ही मिंडेन, हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग व माग्डेबुर्ग अशा चार ठिकाणी गाड्या बदलीत, पहाटे निघून दुपारी उशिरा पोचलो. त्यासाठी वेगळा एक पैसाही लागला नाही. बर्लिनमध्ये १०० क्रमांकाची साधी दुमजली बस शहरातील बहुतेक मोठी स्थळे दाखवीत जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरावी म्हणजे झाले. त्यांच्या संसदेच्या काचेच्या घुमटात जाण्यास पैसे नाहीत, फक्त आधी नाव नोंदवावे लागते. १९६१ ते १९८९ ह्या काळात ज्या भिंतीने शहराचे दोन तुकडे केले होते, तिचा उरलेला भाग बेर्नाउअर रस्त्यावर आहे. तेथेही प्रवेश मुक्त आहे. घरांच्या खिडक्यांतून माणसांनी पलीकडे उड्या टाकल्या, ती जागा पाहून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो.

त्या संपन्न शहरात आणखी एक दृश्य दिसले, ते सांगितलेच पाहिजे. तेथे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली की ते परत मिळतात. स्टेशनाबाहेर एक वृद्ध गृहस्थ, अंगात स्वच्छ इस्त्रीचा कोट, कचऱ्याच्या डब्यात हात घालून बाटल्या शोधीत होते. वय आमच्याएवढेच असेल. आमच्या हातात एक रिकामी बाटली होती. ती द्यावी की न द्यावी, दिल्यास त्यांचा अपमान होईल काय, असा विचार करीत आम्ही उभे राहिलो. शेवटी सौभाग्यवतींनी ती डब्याशेजारी खाली उभी करून ठेविली. नंतर पाहिले, तर तेथील लोकही तसेच करतात. आमची काटकसर हौसेची होती. त्या गृहस्थांची तशी नव्हती, हे विसरून परदेशाच्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगणे बरे नव्हे.

आता आम्ही ज्या ठिकाणासाठी खरे म्हणजे बोलावयास उभे राहिलो, तेथे येतो. डॉर्टमुंडपासून फार लांब नाही. हागेन येथे गाडी बदलावी, आणि लेने नावाच्या नदीच्या काठाने डोंगरात शिरावे, म्हणजे आल्टेना हे लहानसे गाव लागते. जाताना आमची फजिती झाली. वाटेत एका स्टेशनात गाडी दुभंगते. काही डबे एका गावास व काही दुसऱ्या गावास जातात, हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही भलत्याच गावी उतरलो. दीडएक तास मोडला. शेवटी आल्टेनास पोचलो, तेव्हा गावामागच्या उंच किल्ल्याकडे पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही जा, मी खाली बसते." परंतु त्या गावाने डोंगराच्या पोटात बोगदा खोदून थेट किल्ल्यात निघणारी लिफ्ट बसविली आहे. तिच्या तिकिटास मात्र आम्ही मागेपुढे पाहिले नाही.

त्या गावात रिचर्ड शिरमान नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. जन्म १८७४ चा. त्यांचे वर्ग कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे. ते मुलांस घेऊन पायी दूरदूर सहली काढीत. २६ ऑगस्ट १९०९ रोजी अशाच एका सहलीत वाटेत भयंकर वादळ झाले. मुलांस घेऊन त्यांनी सुटीमुळे बंद असलेल्या एका खेड्यातील शाळेत आसरा घेतला. वर्गात गवत पसरून मुले झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या, आणि मास्तर जागेच होते. त्या रात्री त्यांच्या मनात एक साधा विचार आला. प्रत्येक खेड्यात शाळा आहे, आणि सुटीत प्रत्येक शाळा रिकामी असते. चालत जाणाऱ्या मुलांस तिच्यात रात्रीपुरती जागा का देऊ नये? १९१० मध्ये त्यांनी हा विचार कोलोनच्या एका वृत्तपत्रात मांडला, आणि लोकांकडून मदत येऊ लागली. सुटीत स्वतःच्याच शाळेत मुलांच्या अंथरुणांची सोय करून त्यांनी आरंभ केला. आल्टेनाच्या किल्ल्यातील पहिली कायमची धर्मशाळा १९१२ सालची धरली जाते. आज एकट्या जर्मनीत अशा धर्मशाळा चारशेच्या आसपास आहेत. १९३२ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष हेच मास्तर होते. पुढे हिटलरशाहीने त्यांस ह्या कामातून दूर केले. युद्धानंतर त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. १९६१ मध्ये ते निवर्तले. कोब्लेन्झला ज्या खाटेवर आम्ही शिडीने चढलो, ती ह्या मास्तरांच्या एका जागरणाची देणगी होती.

किल्ल्यात त्या वेळचे शयनगृह जपून ठेविले आहे. जाड लाकडाच्या, एकावर एक रचलेल्या खाटा. खोलीत दुसरे कोणी नव्हते. सौभाग्यवती खिडकीतून नदी पाहत होत्या. आम्ही त्या खाटांसमोर उभे राहिलो, आणि आम्हांस जे आठवले ते आजवर घरातही बोललो नव्हतो. आज आपणांसमोर सांगतो.

२०१४ च्या मार्च महिन्यात मराठवाड्यावर गारपीट झाली, ती आपण विसरला नसाल. आम्ही त्या वेळी एका दोनशिक्षकी शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक होतो. गावाचे नाव सांगत नाही. त्या दिवशी आम्ही गावातच मुक्कामास होतो. दिवस मावळताना कारखान्याकडून परतणारी ऊसतोड्यांची एक टोळी, ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बायकापोरे व भांडीकुंडी भरून, शाळेपुढे थांबली. आभाळ काळे झाले होते. त्यांच्यातील एक म्हातारा आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, रातच्याला व्हरांड्यात पडू द्या. पोरं लहान हाईत." शाळेस लोखंडी जाळी होती व किल्ली आमच्या खिशात होती. आत पोषण आहाराचा तांदूळ होता, नवा संगणक होता. काही गेले तर जबाबदार कोण, साहेबांची परवानगी कोठे, असे आम्ही म्हणालो. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. "तुमचाबी नाइलाज हाय," एवढेच बोलून तो परत गेला. रात्री गारा पडल्या. ट्रॉलीवर ताडपत्री ओढून ती माणसे बसली होती. पोरांच्या रडण्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येत होता. आम्ही उठलो नाही. सकाळी पाहिले तर टोळी गेलेली होती, आणि चिखलात चाकांच्या खुणा होत्या.

बंधूंनो, दरवर्षी आषाढीस शेगावची पालखी आपल्या सेनगाव तालुक्यातून जाते. आम्ही नोकरीत असताना दिंड्यांसाठी शाळा कितीदा तरी उघडून दिली होती. त्या वेळी साहेबांची परवानगी आम्हांस आठवली नाही. तोच तांदूळ आत होता, तीच किल्ली होती. मग फरक कशाचा होता, हे आम्ही त्या लाकडी खाटांसमोर स्वतःस विचारले, आणि आलेले उत्तर येथे बोलून दाखविण्याइतके चांगले नाही.

खर्चाचा हिशेब चिटणीसांस कबूल केला आहे, तो देऊन टाकतो. दोघांची दोन महिन्यांची तिकिटे २३२ युरो. कोब्लेन्झ व बर्लिन मिळून पाच रात्रींचा मुक्काम ३८० युरो. बाहेरचे खाणे, पाळणा, लिफ्ट, शौचालये, सर्व मिळून १९० युरो. एकूण ८०२ युरो, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांच्या आसपास. त्यात आम्ही लहानमोठी एकवीस गावे पाहिली. परंतु विमानाची तिकिटे चिरंजीवांनी काढली, ती दोघांची मिळून एक लाख तीस हजार, आणि व्हिसा व विमा निराळा. हे न सांगता वरचा आकडा सांगणारा मनुष्य आपल्याला फसवितो असे समजावे.

ह्या हिशेबाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गाडीभाडे हा मोठा खर्च नव्हताच. रात्रीचा निवारा हा मोठा खर्च होता. आपल्याकडेही तसेच आहे. गाडीभाड्याची सोय आपल्याकडे वाईट नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांस एस.टी. मोफत आहे, त्याखालील पासष्टीपुढच्यांस अर्धे भाडे आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे आहे. अडते ते रात्री. तीर्थाच्या गावी चिंता नाही. शेगावच्या संस्थानाचे भक्तनिवास आहे, नांदेडला गुरुद्वारा आहे. तेथे तर कोणी जात विचारीत नाही, जेवू घालतो व निजावयास जागा देतो. परंतु हिंगोलीस परीक्षेसाठी आलेली खेड्यातील मुलगी कोठे निजते? भरतीसाठी आलेली पोरे बसस्थानकाच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दवाखान्यातील रोग्याचे नातेवाईक झाडाखाली बसून रात्र काढतात. शाळांच्या सहली काढताना आम्हांस सर्वांत मोठी धास्ती असे ती मुक्कामाचीच.

आणि हिंगोलीस आपल्या समाजाचे सभागृह आहे. आपण सर्वांनी वर्गणी देऊन ते बांधले. आमचीही एका महिन्याच्या पगाराची पावती त्यात आहे. लग्नसराईचे साठसत्तर दिवस सोडले तर वर्षभर ते कुलपात असते. मागच्या बाजूस वरपक्षाच्या दोन खोल्या आहेत, नळ आहे, शौचालये आहेत. आमची विनंती अशी की, त्या दोन खोल्या लग्नाच्या तारखा वगळून एरव्ही रात्रीपुरत्या उघड्या ठेवाव्या. एक मुलींसाठी व स्त्रियांसाठी, एक पुरुषांसाठी. अल्प शुल्क घ्यावे, ओळखपत्र पाहावे, वहीत नाव लिहावे. फक्त वहीत जातीचा रकाना नसावा.

ह्यावर कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "समाजाच्या पैशाने बांधलेली वास्तू, ती परक्यास का द्यावी? नुकसान झाले तर कोण भरून देईल?" हे प्रश्न चुकीचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. २०१४ च्या त्या संध्याकाळी आम्हीही हेच प्रश्न विचारले होते. नुकसान झाले तर पहिल्या वर्षापुरते ते आमच्या निवृत्तिवेतनातून भरून देण्याचे आम्ही लिहून देतो. कागद चिटणीसांकडे दिलेला आहे. रात्री किल्ली घेऊन बसण्यास आठवड्यातून दोन दिवस आम्ही साखऱ्याहून येऊ. बाकीच्या पाच दिवसांसाठी आपल्यातील निवृत्त मंडळींनी नावे द्यावीत.

राहिला प्रश्न अंथरुणांचा. जुन्या काळी त्या जर्मन धर्मशाळांत प्रत्येकाने स्वतःची खोळ आणण्याची पद्धत होती. चादर दुमडून दोन्ही बाजूंनी शिवलेली, वरून उघडी अशी खोळ; मनुष्य तिच्या आत शिरून निजतो, त्यामुळे गादी मळत नाही व रोज धुवावी ती खोळ तेवढी. ही गोष्ट आपल्या लोकांस शिकवावी लागणार नाही. सौभाग्यवतींनी नमुन्याची एक खोळ शिवून आणली आहे, ती मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेविली आहे. एकेरी पन्ह्याचे साधे मांजरपाट पाच मीटर लागले. त्यातच डोक्याकडील उशीचा खिसा निघतो. दोन खोल्यांस वीस खोळी पुरतील. ज्यांच्याकडे शिलाईयंत्र आहे त्यांनी जाताना माप पाहून घ्यावे.